रंकाळ्यावर पक्षी बघायचेत? आधी यजमान ओळखा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की दोन-चार दिवसांत कुणाचा तरी फोन येतोच. "पक्षी बघायला सुरुवात करायचीय. भिगवणला कधी जायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे. भिगवण नंतर. आधी रंकाळ्यावर ये, सकाळी सव्वासहाला. समोरचा जरा खट्टू होतो. त्याला रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे हवे असतात आणि मी त्याला कोल्हापुरातल्या रोजच्या फिरायच्या तळ्यावर बोलावत असतो.

पण भिगवणला पक्षी असतात ते उजनी धरणाच्या पाण्यावर, आणि ऑक्टोबरात ते पाणी काठाला टेकलेलं असतं. रोहितांना लागतो उथळ चिखल, आणि तो पाणी उतरल्यावर उघडा पडतो. म्हणजे दोनेकशे किलोमीटर गाडी हाणून तुम्ही नुसतं पाणी बघून याल. रंकाळ्याचं तसं नाही. इथल्या पक्ष्यांनी रोज शेकडो माणसं पाहिलेली असतात, त्यामुळे ते पंधरा-वीस पावलांवरही निवांत चरत राहतात. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर रंकाळ्याच्या जागी आपल्या गावचं तळं घाला. नावं थोडीफार बदलतील, रीत तीच.

दुसरंही एक कारण आहे. शरदात तळ्यावर दोन प्रकारची मंडळी असतात. बारमाही राहणारे यजमान आणि उत्तरेकडून नुकते यायला लागलेले पाहुणे. नवखा माणूस थेट पाहुण्यांच्या मागे लागतो आणि गोंधळतो. यजमान पंधरा-वीस आहेत, तेवढे आधी पक्के करा. मग तारेवर किंवा काठावर कुणी परका बसला की तो आपोआप डोळ्यात भरतो. पाहुणे फार वाढायच्या आत हा अभ्यास उरकायला ऑक्टोबर बरा.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या मध्याला कोल्हापुरात सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, नोव्हेंबर संपता संपता पावणेसातला. त्याच्या पाव तास आधी काठावर असा. ही पंधरा मिनिटं झोपेत घालवू नका, कारण तेवढ्यात पाळी बदलते. रात्रभर मासे मारून रातबगळे "वॉक" असा एकच खरखरीत आवाज देत झाडावर परततात आणि त्याच वेळी गाय बगळ्यांच्या रांगा उसाच्या शिवाराकडे निघतात. आकाशात दोन उलट्या दिशांची वाहतूक दिसते आणि त्यासाठी दुर्बीणही लागत नाही.

साडेआठनंतर ऑक्टोबरचं ऊन चावायला लागतं. पाणी चकाकतं, पक्षी सावलीला सरतात. दोन तास पुरे. धुकं असेल तर घाई करू नका, चहा घ्या, ते उठलं की सगळं एकदम उघडं पडतं. लक्ष्मीपूजनाची दुसरी सकाळ मात्र सोडा. रात्रभरच्या फटाक्यांनी तळं अर्धं रिकामं झालेलं असतं आणि उरलेले पक्षी बिथरलेले असतात.

काय न्यायचं

वही, पेन्सिल, पाणी, टोपी. पेन नको, कारण दवानं ओल्या झालेल्या कागदावर शाई फुटते. डासांचं मलम लावून या, रंकाळ्याचे डास भल्याभल्यांची एकाग्रता मोडतात. कपडे मळखाऊ रंगाचे असले तर बरं, पण रंगापेक्षा हालचाल महत्त्वाची. हिरवागार जंगली टी-शर्ट घालून हातवारे करणाऱ्यापेक्षा पांढऱ्या धोतरात गप्प उभे असलेले आजोबा पक्ष्यांना जास्त चालतात.

दुर्बिणीबद्दल थोडं सविस्तर, कारण इथं पैसे वाया जातात. माझी पहिली दुर्बीण जत्रेतली, वीसपट मोठं दाखवणारी. तिच्यातून मला पहिला महिनाभर फक्त स्वतःच्या हाताचा कंप दिसला. जितकं जास्त मोठं दिसतं तितकी थरथरही मोठी होते आणि दिसणारा परीघ आकसतो. उडता पक्षी त्यात सापडतच नाही. नवख्यानं ८×४२ घ्यावी. आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची असतात, त्यामुळे पहाटेच्या मंद उजेडातही चित्र उजळ राहतं. खिशात मावणारी ८×२५ दुपारी ठीक, पहाटे आंधळी. आठ-दहा हजारांत कामाची दुर्बीण मिळते. पण घाई नको. पहिले दोन-तीन रविवार कुणाची तरी मागून आणा, छंद टिकतोय असं वाटलं तर घ्या.

दुर्बीण हातात आली की आधी ती आपल्या डोळ्यांना बसवून घ्या. तळ्यापलीकडच्या शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर रोखा. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हातानं झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला मनोरा स्पष्ट करा. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची फिरकी फिरवून पुन्हा स्पष्ट करा. ती फिरकी आता तशीच राहू द्या, पुढं फक्त मधलं चाक वापरायचं. चष्मा असेल तर डोळ्याकडची रबरी कडी खाली दाबा किंवा फिरवून आत घ्या, नाहीतर चित्राभोवती काळं वर्तुळ दिसत राहील.

आता मुख्य युक्ती. दुर्बीण डोळ्याला लावून पक्षी शोधू नका. पक्षी उघड्या डोळ्यांनी धरा, नजर तिथून हलू देऊ नका आणि दुर्बीण वर आणून डोळे व पक्षी यांच्या मध्ये सरकवा. घरी गच्चीवरून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर दहा-वीस वेळा सराव करून आलात तर पहिली सकाळ वाचेल. आणि दुर्बीण डोळ्याला असताना पाऊल टाकू नका. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. मी एकदा गुडघाभर पाण्यात उतरलोय, बुटांसकट.

कॅमेरा पहिल्या दिवशी घरी ठेवा. फोनवर काढलेल्या फोटोत एक काळा ठिपका येतो आणि तो काढण्याच्या नादात पक्षी बघायचा राहून जातो.

कुठं उभं राहायचं

सकाळी सूर्य पाठीशी हवा. नाहीतर प्रत्येक पक्षी काळी सावली होऊन बसतो आणि तुम्ही बिचाऱ्या बगळ्यालाही कावळा म्हणता. रंकाळ्याची शहराकडची बाजू, म्हणजे टॉवर आणि चौपाटी, पूर्वेला आहे आणि शालिनी पॅलेस पश्चिमेला. म्हणून सकाळची सुरुवात टॉवरच्या बाजूनं करायची. ऊन पाठीवर आणि समोरच्या पाण्यावरचे रंग खरे. संध्याकाळी जाणार असाल तर गणित उलटं.

पुढची चूक चालण्याच्या वेगाची. पदपथावर सगळे भराभर चालत असतात, त्यांच्या नादात आपणही चालतो आणि तासाभरात तळ्याला वळसा घालून काहीच न बघता परत येतो. रंकाळ्याच्या काठच्या नंदीची गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक आहे. तो म्हणे गव्हाभर पुढं सरकतो आणि तांदळाभर मागं येतो. पक्षी बघताना साधारण त्याच चालीनं चालावं. एक जागा धरा, वीस मिनिटं थांबा, मग पन्नास पावलं पुढं, पुन्हा थांबा.

जागा निवडताना मोकळ्या पाण्यापेक्षा कडा बघा. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, जिथं संपतं आणि पाणी सुरू होतं ती रेघ, गवत जिथं पाण्यात उतरतं तो कोपरा, पाण्यावर ओणवलेली फांदी, तळ्याकाठची विजेची तार. केंदाळाचा तळ्याला त्रास आहे हे खरंच, ते काढायलाच हवं. पण सकाळच्या वेळी त्याच्या कडेला जेवढी वर्दळ असते तेवढी मधल्या पाण्यात नसते, हेही खरं.

नाव विचारायच्या आधी

पहिल्या वीस मिनिटांत एकाही पक्ष्याचं नाव विचारू नका, पुस्तक उघडू नका. चार गोष्टी बघा, याच क्रमानं.

पहिली, आकार. सेंटिमीटर विसरा. चिमणी, साळुंकी, कावळा, घार ही आपली चार मापं. "साळुंकीपेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा" एवढं ठरलं तरी निम्मी यादी गळते.

दुसरी, जागा. पोहतोय, चिखलात चालतोय, पानांवर चालतोय की तारेवर बसलाय?

तिसरी, चाळा. बुडी मारतो का, शेपूट हलवतो का, एकाच जागी खांबासारखा उभा आहे का, उडून पुन्हा त्याच काठीवर येतो का. चाळ्यावरून पक्षी लांबूनही ओळखू येतो, जसा आपण गल्लीतला माणूस पाठमोरा चालीवरून ओळखतो.

चौथा आणि शेवटचा, रंग. नवखे रंगापासून सुरू करतात आणि तिथंच फसतात. पहाटेच्या उजेडात रंग खोटं बोलतात, आणि शरदात तर पिल्लं वेगळ्या रंगाची, मोठ्यांची पिसं बदलत असलेली.

आता यजमान

सगळ्यात आधी वारकरी. रंकाळ्यावर त्याला शोधावं लागत नाही. काळाकुळकुळीत, गोलमटोल, पोहताना मान पुढं-मागं करणारा आणि कपाळावर पांढरं गंध. नाव कसं पडलं असेल ते कपाळ बघितलं की सांगावं लागत नाही. लोक त्याला बदक म्हणतात, पण तो बदक नव्हे, पाणकोंबडीचा भाऊबंद आहे. काठावर आला तर पाय बघा. बदकाच्या पायाला पडदा असतो, याच्या प्रत्येक बोटाला सुट्या पानांसारख्या झालरी असतात. उडताना तो आधी पाण्यावरून थपाथप धावत सुटतो. हिवाळ्यात उत्तरेकडचे वारकरीही येऊन मिसळतात आणि संख्या फुगते, त्यामुळे यजमान-पाहुणे ही माझी वाटणी पहिल्याच पक्ष्यापाशी थोडी डगमगते. असू द्या.

त्याच्याच शेजारी पाणकोंबडी. कपाळ आणि चोच लाल, चोचीचं टोक पिवळं, कुशीवर पांढरी तुटक रेघ, शेपूट सतत झटकत असते. वारकरी मोकळ्या पाण्यात, ही कडेकडेनं. केंदाळात जांभळी पाणकोंबडी दिसली तर थोडा वेळ तिच्यासाठी काढा. कोंबडीएवढी, निळ्या-जांभळ्या झळाळीची, लाल पायांची. ती देठ पायाच्या बोटांत धरून वर उचलून खाते, अगदी पोपटासारखी.

टिबुकली म्हणजे मुठीएवढा पिसांचा गोळा. दिसली म्हणेपर्यंत बुडते आणि भलतीकडेच वर येते. पावसाळ्यात तिची मान तांबूस असते, शरदात ती फिकी पडत जाते. तिच्या मागं डोक्यावर पट्टे असलेली पिल्लं पोहताना दिसली तर ती दुसरी कुठली जात नव्हे, तिचीच.

हळदी-कुंकू बदक तर नावातच ओळख घेऊन आलंय. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपके. नर-मादी जवळजवळ सारखे, बहुधा जोडीनं. हे बारमाही इथलं. हे एक बदक इतकं पाठ करा की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं. पुढं पाहुण्या बदकांना मोजमाप हेच.

पाणकावळा पंख पसरून काठीवर उभा असतो, वाळत घातलेल्या काळ्या छत्रीसारखा. त्याची पिसं बदकासारखी पाणी झटकत नाहीत, भिजतात. भिजल्यामुळे बुडी मारणं सोपं होतं आणि मग वाळवत बसावं लागतं.

बगळ्यांपाशी नवखा हमखास हात टेकतो. सोपं करून सांगतो. पिवळी चोच आणि आखूड मान, गुराढोरांच्या पायांत घुटमळणारा तो गाय बगळा. एखाद्याच्या डोक्यामानेवर पावसाळ्यातला केशरी रंग अजून उरलेला असतो. काळी चोच, काळे पाय आणि पायांत पिवळे मोजे घातल्यासारखी बोटं, तो छोटा बगळा. उंच, मानेला मध्येच तीव्र बाक, तो मोठा. मध्यम बगळा पहिल्या वर्षी सोडून द्या, मीही सोडला होता. आणि ढोकरी! ती तुमच्या पायापाशी दगडावर बसलेली असेल आणि दिसणार नाही. मातकट, रेघारेघांची, मान खांद्यात घातलेली. उडाली की एकदम पांढरेशुभ्र पंख उघडतात आणि आपण दचकतो. बसली की पुन्हा माती.

खंड्या तिघे आहेत. पांढऱ्या छातीचा, तपकिरी डोक्याचा आणि निळ्या पंखांचा नेहमीचा खंड्या. तो पाण्यापासून दूरही असतो आणि किडे, सरडेही खातो. चिमणीएवढा निळा-नारिंगी छोटा खंड्या, जो बहुतेक वेळा पाण्यावरून सरळ रेषेत सुटलेली निळी ठिणगी एवढाच दिसतो. आणि काळा-पांढरा कवड्या, जो हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि दगडासारखा खाली पडतो.

तारेवरचा हिरवा, शेपटीतून काडी निघालेला वेडा राघू, काठावर ओरडणारी टिटवी आणि वरती घिरट्या घालणारी घार धरली की यजमानांची हजेरी बरीचशी लागली. केंदाळावर लांबच लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसला तर नशीब. त्याच्या घरी पिल्लं नर वाढवतो, मादी पुढच्या घरट्याच्या तयारीला लागते.

पाहुणे कसे पकडायचे

हिमालय आणि त्याच्या उत्तरेला थंडी पडली की पाणी गोठतं, किडे संपतात. पक्षी थंडीपेक्षा उपाशी राहण्याला घाबरून निघतात. मध्य आशिया आणि सायबेरियाकडून भारतात उतरणाऱ्या या वाटेला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. सगळे एकदम येत नाहीत. काही जण ऑगस्टातच हजर असतात, बदकांचे मोठे थवे नोव्हेंबरात.

शरदात सगळ्यात सोपा पाहुणा म्हणजे तुतवार. घाटाच्या दगडांवर साळुंकीपेक्षा थोडा लहान, वरून तपकिरी, खालून पांढरा, आणि मागचं अंग सारखं वरखाली करणारा. छातीच्या कडेला, पंखापुढं पांढऱ्या रंगाची पाचर शिरलेली दिसते. उडताना पंख ताठ ठेवून पाण्याला चिकटून जातो.

मग धोबी. इथं यजमान ओळखायचा फायदा पहिल्यांदा कळतो. थोरला धोबी आपला, बारमाही. काळं डोकं, काळा गळा, भुवई तेवढी पांढरी. पाहुणा पांढरा धोबी त्याच्यापेक्षा लहान, अंगानं राखाडी आणि चेहराच पांढरा. थोरला डोळ्यात बसलेला असेल तर दुसरा दिसताक्षणी तुम्ही म्हणाल, हा आपल्यातला नाही. करडा धोबी मात्र नावानं फसवतो, त्याचं पोट पिवळं असतं. पाठ करडी म्हणून तो करडा.

तारांवर नजर टाका. तारवाली भिंगरी इथलीच, गळा-पोट स्वच्छ पांढरं, टोपी तांबूस. तिच्या शेजारी गळा तांबूस आणि त्याखाली गडद पट्टा असलेली दिसली तर ती माळभिंगरी, उत्तरेहून आलेली. एखाद्या सकाळी भोरड्यांचा थवा डोक्यावरून जाईल. गुलाबी अंग, काळं डोकं, साळुंकीच्या घाटाची. ज्वारीवाले शेतकरी हिला आपल्याआधीपासून ओळखतात.

बदकांबाबत एक इशारा. पुस्तकात भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मागं जाणारी ठसठशीत पांढरी भुवई असते. ऑक्टोबरात आलेल्या नराला ती नसते! विणीनंतर बदकांचे नर भडक पिसं टाकून मादीसारखा मळका वेष घेतात आणि बरेच जण तशाच अवस्थेत इथं पोचतात. भुवई बदकाचा आणि थापट्याचा नर तर हिवाळा बराच सरेपर्यंत पुरता रंगत नाही. म्हणून या दिवसांत बदकांच्या रंगाच्या नादी लागू नका, चोचीचा आकार बघा. फावड्यासारखी पसरट चोच पाण्यात घासत जाणारा तो थापट्या, रंग कुठलाही असो. बाकीचे न ओळखता आले तर वहीत "हळदी-कुंकवापेक्षा लहान बदकं, ७" एवढं लिहिलं तरी ती नोंद खरी असते.

आणखी एक गंमत. डोक्यावर घारी फिरत असतात तेव्हा वारकरी मान वर करून बघतही नाहीत. पण कधी अचानक सगळे एकत्र गोळा होतात, पाण्यावरून धावाधाव सुरू होते. तेव्हा वर बघा. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून केंदाळावरून खालून-खालून तरंगत जाणारा दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी असायची शक्यता आहे. तोही पाहुणाच, पण जेवायला आलेला.

माझा "दुर्मिळ" पक्षी

माझ्या पहिल्या ऑक्टोबरात मला केंदाळाच्या कडेला एक तपकिरी पक्षी दिसला. पाणकोंबडीएवढा, कपाळावर लाल काही नाही, चोच मळकट. पुस्तकभर शोधून एका दूरदेशीच्या पक्ष्याशी मी तो जुळवला आणि तीन जणांना फोन केले. त्यातले एक काका स्कूटरवरून आले, दुर्बीण डोळ्याला न लावताच म्हणाले, "कुशीवरची पांढरी रेघ बघ. शेपूट बघ." पाणकोंबडीचं या वर्षीचं पोर होतं ते. तेव्हापासून माझा नियम: शरदात काही अद्भुत दिसलं तर आधी ते आपल्या यजमानांपैकी कुणाचं पोर आहे का बघायचं. दहापैकी नऊ वेळा असतं.

वही आणि फोन

तारीख, वेळ, जागा, आभाळ कसं, आणि मग पक्षी व संख्या. मोठा थवा मोजताना आधी दहा नेमके मोजा, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांनी मापा, मग तसे किती तुकडे पडतात ते मोजा. "खूप वारकरी" लिहिण्यापेक्षा "अंदाजे १४०" लिहा. पुढच्या वर्षी ताडून बघायला आकडा लागतो.

ओळखू न आलेल्याचं चित्र काढा, कसंही. अंडाकृती अंग, एक चोच, दोन काड्या पायांच्या आणि बाण दाखवून "इथं पांढरं". चित्र काढायला बसलं की मगच लक्षात येतं, पायांचा रंग बघितलाच नव्हता.

फोनवर ईबर्ड आणि मर्लिन ही दोन मोफत ॲप चालतात, दोन्ही अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेची. ईबर्डवर यादी भरली की ती संशोधकांच्याही कामी येते. मर्लिन आवाज ऐकून नाव सुचवतं. ते नाव म्हणजे अफवा समजा, डोळ्यांनी पक्षी दिसला तरच वहीत उतरवा. फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचा प्रकार मात्र करू नका. त्याला वाटतं हद्दीत कुणी घुसलं आणि खाणं सोडून तो भांडायला येतो. पाव, शेव, फरसाण टाकणंही नको. आणि घरट्याजवळ जायचं नाही.

५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. राज्य शासनानं २०२० साली तो जाहीर केला. ५ तारखेला वन्यजीव अभ्यासक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा. या आठवड्यात ठिकठिकाणी जाणकारांबरोबर फेऱ्या निघतात. ऑक्टोबरात दोन-तीन सकाळी एकट्यानं काढून मग अशा फेरीला जा, म्हणजे विचारायला स्वतःचे प्रश्न असतील. कळंबा तलाव, मग नाताळनंतर भिगवण, जमलं तर निफाडजवळचं नांदूर मधमेश्वर, जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं. ही पुढची यादी.

फिरायला येणाऱ्यांचं काय करायचं

तुम्ही दुर्बीण लावून उभे राहिलात की पाच मिनिटांत कुणीतरी विचारणारच, "काय बघायलाईसा ओ?" चिडू नका, दुर्बीण त्यांच्या हातात द्या. वारकऱ्याच्या कपाळावर रोखून द्या. रोज तीस वर्षं या तळ्याभोवती चालणारे एक आजोबा मला म्हणाले होते, "हे काळं म्हणजे नुसतं काळं नाही की." आता ते मला सांगतात की परवा घाटाच्या तिसऱ्या पायरीवर शेपूट हलवणारा आला होता, तू कुठं होतास?

साडेआठला दुर्बीण पिशवीत घाला. मिसळीच्या टेबलावर बसूनच वही पुरी करा, घरी जाऊन लिहू म्हटलं की आकडे फुगतात. कट येईपर्यंत दहा मिनिटं मिळतात, तेवढी पुरतात. पुढच्या रविवारी तीच जागा, तीच वेळ, आणि आधीच्या रविवारचं पान उघडून समोर. पहिल्यांदा तार बघा.